शाकाहाऱ्याचा गळ

कोल्हापूरला समुद्र नाही, ही गोष्ट कोल्हापूरकर सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही रंकाळ्याच्या काठाला चौपाटी म्हणतो, तिथं बसून भेळ खातो, आणि पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडली की उरलीसुरली हौस तिच्यावर भागवून घेतो. अशा गावात राहून मी वीसेक वर्षं लोकांना समुद्रातल्या खडकांवर मासे धरायला नेण्याचा उद्योग केला. मला पोहता येतं, पण विहिरीपुरतं. शिवाय घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, दर सोमवारी उपास आणि ताटात अंड्याचंसुद्धा नाव नाही. आजतागायत माशाचा तुकडा मी तोंडात घातलेला नाही. टक्कल पडलेल्या माणसानं केशवर्धक तेल विकावं तसला हा मामला होता, आणि तेल खपतही होतं.

दिवाळीच्या अंकासाठी धंद्याबद्दल लिहा म्हणून विचारणा झाली, तेव्हा बायको म्हणाली, "लिहा की. पण लेखकाला चव ठाऊक नाही हे आधीच सांगून टाका." तिच्या म्हणण्याप्रमाणे ते आधीच सांगून टाकलं आहे.

धंदा तसा अपघातानं गळ्यात पडला. लक्ष्मीपुरीत आमचं हार्डवेअरचं दुकान. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घातलेलं. खिळे, नट-बोल्ट, साखळ्या, दोरखंड असला माल. नव्वदीच्या सुरुवातीला देवगडकडचे काही होडीवाले घाट चढून आमच्याकडं माल न्यायला यायचे. त्यातला एक गजा तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, ज्याचं बाकीच्यांनी ऐकायचं. गजा माझ्याच वयाचा, पण खाऱ्या वाऱ्यानं दहा वर्षं पुढं गेलेला. दुकानात शिरला तोच भांडत.

"बसूशेट, तुझ्या बोल्टाचो दोन महिन्यांत भुगो झालो."

मी म्हटलं, "आमचं बोल्ट साखर कारखान्याला चालत्यात, तुझ्या होडीलाच काय धाड भरली?"

"एकदा येऊन बघ, मगे बोल."

दुकानदाराला असं बोललेलं सहन होत नाही. पुढच्याच रविवारी गगनबावड्याचा घाट उतरून गेलो. बोल्टांचा खरंच भुगा झाला होता. हात लावला तर बोटांना गेरू लागावा तसा गंज लागला. मी मुकाट्यानं दुसरे बोल्ट द्यायचं कबूल केलं आणि निघालो, तर गजा म्हणाला, इलंस तसो वायच होडयेत बस. बसलो. त्यानं माझ्या हातात तंगूस दिला. तंगूस म्हणजे मासे धरायची पारदर्शक नायलॉनची दोरी. खाली खोल कुठंतरी गळ होता. मी दोरी धरून समुद्राकडं बघत बसलो आणि अचानक खालून कुणीतरी दोरीला हिसका दिला. तो हिसका माझ्या हातातून खांद्यात, खांद्यातून डोक्यात गेला, आणि माझी बायको म्हणते त्याप्रमाणे तो अजून उतरलेला नाही.

मासा अर्थातच सुटला. गजा हसून हसून होडीच्या कडेला टेकला. "अरे, खायचो नाय आणि धरतंस कित्याक? लगीन दुसऱ्याचा आणि नाचता ह्यो."

आता हा धंदा काय असतो ते थोडं सांगतो. आमची मासेमारी जाळ्याची नव्हती. समुद्रात, पाण्याखाली खडकांच्या रांगा असतात. त्यावर जाळं टाकलं तर ते तिथंच राहतं आणि मालक रिकाम्या हातानं घरी येतो. म्हणून तिथं गळ. त्या खडकांवर शेवाळाचं रान असतं, पुरुषभर उंचीचं, पिवळट तपकिरी, द्राक्षाएवढे फुगे लागलेलं. ऊन चढलं आणि पाणी निवळ असलं की होडीतून वाकून बघावं, खाली उसाचा फड डोलत असल्यासारखा वाटतो. कागलकडचा एक शेतकरी ते बघून म्हणाला, "ह्येला पाणी कोण पाजतंय?"

त्या रानात आणि कपारीत गोब्रा राहतो. मोठ्या तोंडाचा, जाड ओठांचा, ठिपक्यांचा मासा. हा फिरता गडी नव्हे. एकदा एक कपार धरली की वर्षानुवर्षं तिथंच, आमच्या लक्ष्मीपुरीतल्या जुन्या भाडेकरूंसारखा. दारापुढून काही गेलं की बाहेर येतो, गपकन तोंडात घेतो आणि त्याच पावली मागं फिरून आत. आत गेला की कल्ले फुगवतो, पाठीवरचे काटे ताठ करतो आणि कपारीत असा रुतून बसतो की दोरी तुटेल, पण तो येणार नाही. म्हणजे सगळा खेळ हिसका बसल्यापासून त्याचं तोंड वळेपर्यंतचा. तेवढ्यात दोरी ओढायची. आधी ओढायचं, मग ओरडायचं. कोल्हापूरचा माणूस आधी ओरडतो. "लागला, लागला" असं तो चार लोकांना सांगेपर्यंत मासा घरात जाऊन बसलेला असतो.

दुसरी अडचण वजनाची. गळ खाली जायला दोरीला वजन लागतं, आणि खडक ते वजन खातो. मी हार्डवेअरवाला असल्यानं त्यावर उपाय शोधला. वजन मुख्य दोरीला बांधायचंच नाही, कच्च्या सुती दोऱ्यानं लोंबतं ठेवायचं. अडकलं तर दोरा तुटतो. वजन समुद्राला, मासा आपल्याला. आणि वजन म्हणून शिसं न वापरता गॅरेजमधले जळके स्पार्क प्लग. कोल्हापुरात गॅरेजला तोटा नाही. मी पोत्यानं प्लग गोळा करू लागलो तेव्हा मेकॅनिक मंडळींना वाटलं, ह्याचं दुकान बुडालं. देवगडच्या किनाऱ्यावर मात्र ही युक्ती चालली. गजानं आयुष्यात माझं एवढं एकच कौतुक केलं, तेही माझ्या माघारी.

गावात हे पसरलं आणि लोक मागं लागले. आम्हालाबी न्या. मग ट्रॅक्स जीप भरून पार्ट्या सुरू झाल्या. पहाटे निघायचं, गगनबावड्याला धुक्यात चहा घ्यायचा, घाट उतरायचा, गजाच्या होडीत बसायचं आणि संध्याकाळी उन्हानं भाजलेली तोंडं घेऊन परत. कुठला मासा गोडा, कुठला दळदार, हे मी गजाच्या बायकोकडून पाठ केलं होतं. पार्टीनं विचारलं की डोळे मिटून सांगायचो. एकदा एकानं विचारलं, म्हणजे मटणासारखा लागतोय काय? मी म्हटलं, व्हय. मटणही मी खाल्लेलं नव्हतं.

एक एक गिऱ्हाईक म्हणजे नमुना. आबा नावाचे गुळाचे व्यापारी होते. त्यांनी गळाला लावायचं आमिष घरून कांदा-लसणाची चटणी फासून आणलं. मी म्हटलं, आबा, माशाला तिखट लागत नाही. ते म्हणाले, "बिनतिखटाचं आमच्यात कुत्रंबी खात न्हाय." आणि दुर्दैव असं की त्या दिवशी अख्ख्या होडीत एकालाच मासा लागला, तो आबांना. चांगली दीड हाताची लालभडक तांबोशी. त्यानंतर येणारी प्रत्येक पार्टी चटणीचा डबा घेऊन येऊ लागली. पुन्हा त्या चटणीला म्हणून एक मासा लागला नाही, पण माझं कोण ऐकतो. उरलेलं आमिष गजा भाकरीशी खायचा. कोळंबीच होती शेवटी.

दुसरे संपतराव. उद्यमनगरात त्यांची फौंड्री. स्पार्क प्लग बांधलेले बघून त्यांना आमची कीव आली. "आमच्यासारखी मानसं असताना भंगार कशापायी?" पुढच्या खेपेला त्यांनी खास ओतून, लेथवर घासून, पॉलिश केलेली वजनं आणली. दागिन्यासारखी. ती त्यांनी कच्च्या दोऱ्यानं बांधू दिली नाहीत, पक्की बांधली. दुपारपर्यंत खडकानं सगळी गिळली. जाताना रागानं त्यांनी पिशवीतला एक वीतभर नट होडीत टाकला आणि म्हणाले, "ह्यो त्या दगडाला द्या, म्हनावं जेवणावरचा विडा." त्या नटानं गजा सुपारी फोडायचा.

हे सगळं चाललं होतं ते घरात एक गोष्ट न सांगता. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, एवढंच ठाऊक होतं की बसू कोकणात माल विकायला जातो. अव्वाचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेवरचं. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी नाही, मुंगी चिरडली तरी "शिवा शिवा" म्हणून हात जोडणार. तिला खोटं सांगत नव्हतो. माल विकतच होतो. उरलेलं सांगत नव्हतो, एवढंच.

आबांनी ते सांगितलं. त्यांना एकदा भला मोठा गोब्रा मिळाला. त्या आनंदात त्यांनी घरी तो तळायला लावला आणि पितळी डबा भरून थेट आमच्या घरी आले. मी दुकानात. बायको बाजारात. वार सोमवार. अव्वानं दार उघडलं. आबा म्हणाले, "आज्जी, तुमच्या बसूअण्णाची किरपा. त्येनंच दोर वडाय शिकीवलं. गरम हाय तवर खावा." आणि गेले. अव्वाला वाटलं, कुणाच्या घरचा नैवेद्य. तिनं डबा नेऊन देवघरापुढं ठेवला आणि उघडला.

मी घरी आलो तेव्हा देवघर धुऊन झालं होतं, ओटा धुऊन झाला होता आणि अव्वा अंगण धूत होती. पदर कमरेला खोचलेला. तिनं मान वर केली नाही.

"अव्वा, मी खात न्हाय," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"खात न्हाईस त्ये ठावं हाय मला. खानारा भुकंसाठी मारतोय. तू कशापायी मारतोस?"

त्या हिसक्याबद्दल तिला काय सांगणार? मी तसाच चपला घालून उभा राहिलो आणि ती पाणी ओतत राहिली.

ती भांडली नाही. भांडली असती तर निभावलं असतं. तिनं मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह मांडला आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करू लागली. "ज्या हातानं गळ टाकतोस, त्या हातानं आनलेलं मला नगं." सुनेवर राग नव्हता. शैला, माझी बायको, तिला जीव लावायची. पण आमच्या चुलीवरचं काही अव्वानं घेतलं नाही. पंचाहत्तरीच्या पुढची बाई. हात कापायचे. भाकरी थापताना मध्येच थांबून दम घ्यायची. मी आतल्या खोलीत गरम भात खात बसायचो आणि पडवीतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा.

असं दोन वर्षं चाललं. मध्ये एकदा तिच्या पदराला स्टोव्हची झळ लागली. शैलानं धावत जाऊन विझवलं. मग शैला मला म्हणाली, "एकतर तुम्ही समुद्र सोडा, नाहीतर अव्वांना आत आणा. मला रोज हे बघवत नाही." मी समुद्र सोडला. एक अख्खा मोसम सोडला. दुकानात बसून खिळे मोजून देत होतो. गिऱ्हाईक साखळी मागायचं आणि मी दोरी काढायचो. मोसम संपता संपता गजाचा निरोप आला, मेलंस काय? मी परत गेलो. अव्वाला ते कळलं. म्हणजे मी समुद्रही सोडला नाही आणि अव्वाही आत आली नाही. दोन्ही परीक्षांत नापास.

आणि मग दिवाळीनंतर एक दिवस ती स्वतःच म्हणाली, "बसू, कुनकेश्वराला ने मला. डोळं हायत तवर म्हादेवाचं दर्शन घेते. आन तू त्या पान्यात काय करतोस, त्येबी दाव."

कुणकेश्वराचं देऊळ अगदी समुद्राला लागून. अव्वानं दर्शन घेतलं, मग पायरीवर उभी राहून समुद्र बघितला. तोवर तिनं तो कधी पाहिला नव्हता. कपाळाला आडवा हात लावून बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं, "पल्याड कुठलं गाव?" मी म्हटलं, पल्याड गाव न्हाय. तिला ते पटलं नाही.

गजानं होडी काढली. समुद्र त्या दिवसांत तळ्यासारखा शांत असतो. अव्वा फळीवर मांडी घालून बसली, गळ्यातलं लिंग पदराआड धरून. शैलानं पहाटे उठून डबा दिला होता, भाकरी आणि शेंगाचटणी. अव्वानं स्वतःचा वेगळा डबा आणला होता. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले होते.

आम्ही एका बुडालेल्या खडकावर गेलो. खोली बारा-एक वाव. वाव म्हणजे दोन हात पसरले की होते ती लांबी. त्या किनाऱ्यावरची ती माझी सगळ्यांत हुकमी जागा होती. मोठ्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेली. मला अव्वाला फक्त दाखवायचं होतं. गळ टाकला, वजन तळाला टेकलं, दोरी वाव-दीड वाव वर घेतली. म्हटलं, बघ, एवढंच असतंय. बसून राहायचं. "देवळातबी बसून ऱ्हाता येतंय की," अव्वा म्हणाली. तेवढ्यात नांगराची दोरी सैल झाली आणि गजानं मला हाक मारली. मी मागचा पुढचा विचार न करता हातातला तंगूस अव्वापुढं धरला. "अव्वा, एवढी दोर धर जरा." दुकानात सुतळीचं टोक कुणाच्याही हातात द्यावं, तसं.

मी वळतोय तोच हिसका बसला. मला तो दोरीत दिसला. मी तोंड उघडलं, आणि अर्थात ओरडलो. अव्वा ओरडली नाही. तिनं ओढलं. एक हात, दुसरा हात, पहिला, दुसरा, मध्ये तसूभरही ढील नाही. तिच्या माहेरची विहीर अशी खोल की दोर सैल पडला तर घागर भिंतीवर आपटून चेमटायची आणि घरी मार बसायचा. लहानपणापासून त्या हातांना एकच शिकवण होती, खालून ओझं लागलं की थांबायचं नाही. मी वीस पार्ट्यांना घसा फोडून जे शिकवू शकलो नाही, ते या बाईनं न शिकवता केलं. गजा नांगराची दोरी हातात धरून बघत राहिला. "बसूशेट," तो म्हणाला, "आता तू घराक जा. म्हातारेक हय ठेव."

गोब्रा वर आला. हातभर लांब, चांगला जड. पण खोलातला मासा इतक्या भराभर वर आला की त्याच्या पोटातली हवा फुगते. त्याचे डोळे बाहेर आले होते आणि तोंडातून फुगा बाहेर पडला होता. आम्ही हे रोज बघतो, म्हणून बघत नाही. अव्वानं बघितलं.

"ह्येला काय झालं?"

मी सांगितलं.

तिनं हातातली दोरी सोडली. बोटांवर तंगूस कापून लाल रेघा उठल्या होत्या, पण ती बोटांकडं बघत नव्हती. "मी केलं न्हवं हे?" ती म्हणाली. "सोड त्येला. आत्ताच्या आत्ता."

मी गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. तो उलटा झाला. पांढरं पोट वर करून होडीच्या कडेला तरंगत राहिला. शेपटी मारायचा, वीतभर खाली जायचा आणि परत बुचासारखा वर. वर घारी जमल्या.

गजा म्हणाला, "तो आता खाली जावचो नाय. मरतलोच. घे होडयेत, कालवण तरी करूया."

अव्वाचा चेहरा तेव्हा जो झाला तो मी आधी कधी पाहिला नव्हता, अप्पा गेले तेव्हाही नाही. माझ्यावर दोन वर्षं ती रागावली होती, तो राग त्या चेहऱ्यावर नव्हताच. ती घाबरली होती. आयुष्यभर मुंगी सांभाळून चाललेल्या बाईच्या हातून, मी दिलेल्या दोरीनं, हे झालं होतं. मला वाटलं, आता ही पाणीसुद्धा घ्यायची नाही.

"बसू, रिकामी कळशी बुडंना झाली तर काय करत्यात?" तिनं विचारलं.

"वजन घालत्यात."

"मग घाल की."

संपतरावांचा तो नट मी उचलला. घाईत माशाच्या ओठाला दोरी अडकवली, तिला नट बांधला आणि सोडलं. माझी गाठ सुटली. नट एकटाच खाली गेला, गोब्रा तिथंच. गजानं कपाळावर हात मारला, पण तो त्याच्या सुपारीसाठी. हार्डवेअरच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसाला नट बांधता आला नाही, हे अव्वानं बघितलं.

मग मी थांबलो आणि जरा विचार केला. एक गळ घेतला, पक्कडीनं त्याच्या टोकामागचा उलटा काटा चेपून सपाट केला, म्हणजे तो कुठं अडकणार नाही. दोरी नेहमीप्रमाणे गळाच्या डोळ्यात, म्हणजे ती ओवायच्या कडीत, न बांधता त्याच्या वाकावर बांधली, म्हणजे गळ उलटा लोंबू लागला, टोक खाली. डोळ्यात स्पार्क प्लगांचा एक घोस बांधला. टोक माशाच्या ओठातल्या आधीच्याच भोकात घातलं. आता वजन त्याला तोंडाला धरून खाली नेईल, आणि तळाला गेल्यावर वरून हिसका दिला की गळ निसटेल. निदान तसं व्हायला हवं होतं. या युक्तीचा कुणी कधी उपयोग केला होता की नाही मला माहीत नव्हतं. मासा वर आणायला लोक येतात, खाली पोचवायला कोण येणार?

गजा म्हणाला, "ह्या घाटावरच्या माणसांका येड लागलाहा." पण घारी खाली आल्या तेव्हा त्यानंच वल्हं उगारून त्यांना हाकललं.

मासा खाली जाऊ लागला. पांढरं पोट दिसत होतं, मग हिरवट झालं, मग शेवाळाच्या रानात दिसेनासं झालं. दोरी माझ्या बोटांतून सरत होती. वजन टेकलं. मी हिसका दिला. काही नाही, ओझं तसंच. दुसरा दिला. आणि खालून दोरीला उलटा एक हिसका बसला, अगदी नेहमीचा, आणि दोरी हलकी झाली. वर ओढली. गळ रिकामा होता.

"पोचला?" अव्वानं विचारलं.

"पोचला असंल."

"असंल न्हवं. बघ."

आम्ही बघत बसलो. तिघंही तीन बाजूंनी पाण्याकडं. वर येतो का, याची वाट बघत. सगळ्या जन्मात मासा वर येऊ नये म्हणून मी पहिल्यांदाच बसलो होतो. गजा तोंडानं शिव्या देत होता, पण डोळे पाण्यावरून काढत नव्हता. ऊन चढलं. काही वर आलं नाही.

बऱ्याच वेळानं अव्वानं समुद्राच्या पाण्यात हात धुतले. बोटांवरच्या रेघांना मीठ झोंबलं असणार. मग ती म्हणाली, "शैलानं काय दिलंय?"

मी डबा तिच्यापुढं सरकवला. झाकण तिनंच काढलं. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. दुसरा गजाच्या हातावर ठेवला. मी दुसरीकडं बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि गजानं ते पाहिलं असतं तर देवगडपर्यंत सांगितलं असतं.

घाट चढताना ती बोलली. "सोड म्हनत न्हाय मी. सोडून बसलास तवा तुझं त्वांड बघवत न्हवतं. पर त्या दगडावर पुना दोर टाकायचा न्हाय." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पडवीतला स्टोव्ह शैलानं माळ्यावर टाकला.

त्या एका शब्दानं माझी किनाऱ्यावरची सगळ्यांत चांगली जागा गेली. पार्ट्या विचारायच्या, तिकडं का नको? मी सांगायचो, तिकडं पाण्याला ओढ फार आहे. गजा मात्र टोमणे मारायचा. आमच्या पार्ट्या नसतील तेव्हा तो तिथं जात असणार, असं मी धरून चाललो होतो. त्यानं कुणाला वचन दिलं नव्हतं.

पाचेक वर्षांनी अव्वा गेली. झोपेत, शांतपणे. सगळे विधी आटोपल्यावर महिन्याभरानं मी पहिली पार्टी घेऊन निघालो. मोठी माणसं होती, लांबून आलेली. एव्हाना मासा कमी झाला होता. मोठ्या मशीनच्या होड्या रात्रंदिवस किनारा खरवडत होत्या. सकाळपासून एकाच्याही दोरीला हिसका नाही. पार्टीची तोंडं उतरली, मग कुजबुज सुरू झाली. आणि मी, लिहायला लाज वाटते पण खरं आहे, मनाशी म्हटलं, आता अव्वा कुठं बघायला आहे? मी गजाला हातानं त्या खडकाची दिशा दाखवली.

गजानं सुकाणू वळवलं नाही. मी परत हात केला. तो समोर बघत राहिला.

"थंय नको," तो म्हणाला. "थंय म्हातारेचो मासो आसा."

पार्टीतल्या एकानं मला विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, तिकडं ओढ फार आहे म्हणतोय.